पोराला पाठवायचं कुठं?

स्प्रिंकलर थांबलेत. नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर पाणी अजून चमकतंय आणि पंच शिट्टी ओठांत धरून घड्याळाकडं बघतायत. रविवारची सकाळ, साडेआठ. पिंपरीतलं हे मेजर ध्यानचंद स्टेडियम. २०२१ च्या डिसेंबरात पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा इथंच झाली, तेव्हा देशभरातले संघ आले होते. आज दोन स्थानिक क्लबांचा साखळी सामना आहे. पायऱ्यांवर पन्नासेक माणसं असतील, त्यातली बरीचशी खडकी-बोपोडी-दापोडीची. सुट्टीच्या दिवशी इतक्या लवकर उठून हॉकी बघायला येणारी माणसं या भागात अजून आहेत, याचं मला फार बरं वाटतं.

माझ्या उजव्या हाताला अण्णा बसलेत. अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. घरात तमिळ, बाहेर मराठी आणि चिडले की खडकीची हिंदी. त्यांच्या पलीकडं तात्या, रेल्वेतून निवृत्त, एकेकाळचे लेफ्ट हाफ. खालच्या पायरीवर ताई. राज्याच्या संघातून खेळलेल्या, आता सरकारी नोकरीत, आणि सुट्टीच्या दिवशी मुलींना हॉकी शिकवतात. मागं कॉलेजातली चार-पाच पोरं. आणि कडेला, जरा अंतर राखून, मांडीवर पिशवी घेतलेला एक माणूस. मैदानात आठ नंबरकडं बॉल गेला की हा माणूस जागेवरून अर्धवट उठतो आणि पुन्हा बसतो. तो बाप आहे हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

पोराचं नाव मी लिहीत नाही. वय सतरा, अकरावी कॉमर्स. त्याच्या पुढच्या आयुष्याची चर्चा खडकीत चहाच्या टपरीवर चालू आहेच, तिला छापील नावाची जोड नको. भुवनेश्वरच्या एका अकादमीनं चाचणी घेऊन त्याला बोलावलंय. आठवड्याभरात हो की नाही ते कळवायचंय. एका सरकारी खात्याच्या संघाच्या प्रशिक्षकानं 'पुढं भरतीत बघू' असा शब्द टाकलाय. आणि तिसरी वाट म्हणजे पुण्यातच राहायचं, बारावी करायची, क्लबकडून खेळत राहायचं. आज सगळे आलेत ते सामना बघायला कमी आणि या पोराला बघायला जास्त.

शिट्टी होते.

"आता बघा," अण्णा माझ्या गुडघ्यावर थाप मारतात.

फुलबॅकनं बॉल उजवीकडं सोडलाय. बॉल अजून वाटेत आहे तोवर आठ नंबर डाव्या खांद्यावरून मागं बघतो, मग उजव्या. बॉलकडं शेवटी. अंग तिरकं होतं, पावलं आधीच समोरच्या गोलकडं वळलेली, आणि बॉल स्टिकवर येऊन थांबत नाही, आल्या पावली पुढं सरकतो. त्याला अडवायला धावलेल्या पोराची स्टिक मोकळ्या जागेत पडते. आणखी दोन पावलं, आणि पास डाव्या बगलेला, धावणाऱ्या फॉरवर्डच्या पुढ्यात. फॉरवर्ड बॉल बाहेर घालवतो. टाळ्या वाजत नाहीत.

"दोनदा मागं बघितलं त्यानं. बॉल यायच्या आधी," अण्णा म्हणतात. "हे शिकवून येत नाही."

"शिकवून येतं, अण्णा," ताई मान न वळवता म्हणतात. "पण बाराव्या वर्षी. सतराव्या वर्षी शिकवायला गेलं तर पोरं खेळणंच विसरतात. याला लहानपणी कुणीतरी नीट शिकवलंय."

अण्णा गप्प बसतात. खडकीच्या मातीच्या मैदानावर संध्याकाळी लहान पोरांना गोळा करून खेळवणारे अण्णाच, हे ताईंनाही माहीत आहे.

मागच्या पोरांना मात्र या खांद्यावरून बघण्यात रस नाही. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. "काका, तो ड्रॅग-फ्लिकर आहे. तुम्ही त्याला हाफला सडवताय," एक जण पुढं वाकून सांगतो. "हरमनप्रीतचा लिलाव आठवतो ना? अठ्ठ्याहत्तर लाख!"

आकडा बरोबर आहे. हॉकी इंडिया लीग सात वर्षं बंद राहून पुन्हा उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात सूरमा क्लबनं हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांना घेतलं, तीच त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली होती. हरमनप्रीत बचावात खेळतो, पण त्याचं मोल ठरतं ते शॉर्ट कॉर्नरवरच्या गोलांनी. पोरांच्या डोळ्यांसमोर तो आकडा असला तर त्यात काही चूक नाही.

"आणि बाकीच्यांचं काय?" तात्या विचारतात. "सगळ्यात खालची बेस प्राइस किती होती?"

"दोन लाख."

"आणि त्या दोन लाखांतपण न विकली गेलेली पोरं किती होती, तेपण सांग."

पोरगा बोलत नाही. दुसरा मोबाईलवर काहीतरी शोधायला लागतो. मला त्या लीगमधली दुसरीच गोष्ट टोचते. पुरुषांचे आठ संघ उतरले. ओडिशा, बंगाल, तमिळनाडू, हैदराबाद, दिल्ली, उत्तर प्रदेश, सगळे होते, आणि महाराष्ट्राचा एकही नव्हता. २०१३ मध्ये पहिल्यांदा लीग झाली तेव्हा मुंबई मॅजिशियन्स होते, नंतर दबंग मुंबई आले. या वेळी तेही नाही. पुण्यातल्या पोरानं लीगमध्ये खेळायचं म्हटलं तरी दुसऱ्याच्या गावाचा शर्ट घालायचा.

इतक्यात पंचांचा हात गोलसमोरच्या डीकडं जातो. शॉर्ट कॉर्नर.

"पीसी, पीसी!" मागची पोरं उभी राहतात.

आठ नंबर डीच्या टोकाशी येतो. गोलरेषेमागं गोलकीपर धरून पाच जण, तोंडाला मास्क, हातात जाड ग्लोव्हज. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी असल्या फटक्यासमोर धावत जायचं म्हणजे काळीज लागतं. ड्रॅग-फ्लिकरचं कौतुक करताना आपण त्यांना विसरतो. शॉर्ट कॉर्नरचा पहिला फटका हिट असेल तर बॉल गोलरेषेवर फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. फ्लिकला ती अट नाही. त्या एका सवलतीतून गेल्या तीसेक वर्षांत खेळाडूंची एक अख्खी जात तयार झाली. जिच्याकडं चांगला ड्रॅग-फ्लिकर, ती टीम पुढं.

बॉल आत ढकलला जातो, डीबाहेर अडवला जातो. आठ नंबर कमरेतून खाली जातो, उजवा पाय बॉलच्या मागून घेतो, डावा लांब टाकतो, आणि स्टिकच्या दांड्याशी अडकलेला बॉल ओल्या टर्फवरून मीटरभर ओढत नेऊन सोडतो. फळीचा आवाज पायऱ्यांपर्यंत येतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात गोल.

बाप पूर्ण उभा राहिलाय. पिशवी खाली पडलीये.

"बघा! सांगत नव्हतो?" मागून आरडाओरडा.

ताई टाळ्या वाजवतात आणि मग हळूच म्हणतात, "डावा खांदा आधी उघडतो. या कीपरला नाही दिसलं. वरच्या पातळीवर दिसेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बॉल कुठं जाणार ते खांदा आधीच सांगतो. आणि अंगात ताकद भरायचीये अजून. दिवसाला शंभर फ्लिक मारत बसला या कमरेनं, तर एकोणिसाव्या वर्षी पाठ धरेल. आधी पाठ आणि मांड्या मजबूत व्हायला पाहिजेत. त्याच्यासाठी माणूस लागतो बरोबर, फिजिओ लागतो. तो आपल्याकडं कुठून आणायचा?"

या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत आहे, म्हणून तो तसाच राहतो आणि गाडी पुन्हा वादाच्या मुद्द्यावर येते. तात्या सकाळपासून याचीच वाट बघतायत.

"माझं म्हणणं सरळ आहे," ते म्हणतात. "आधी नोकरी. खेळ काय, गुडघा चालतो तोवर. रेल्वेत लागला की खेळायला सुट्टी, प्रवासाला पास, म्हातारपणी पेन्शन. माझ्याबरोबरची किती पोरं होती, माझ्यापेक्षा सरस. कॅम्पला गेली, परत आली, आणि आज…" पुढं ते बोलत नाहीत. खडकीत राहणाऱ्या प्रत्येकाला अशी दोन-तीन नावं माहीत असतात.

नोकरीचा विषय निघाला की शहरातले क्रीडाप्रेमी नाकं मुरडतात. मध्यमवर्गी भित्रेपणा, असं म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. भारतातली हॉकी दिवसा ड्यूटी आणि संध्याकाळी सराव करणाऱ्या नोकरदारांनी जगवली. मुंबईची हॉकी तर कंपन्यांचीच होती. महिंद्रा, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, दोन्ही रेल्वे. चर्चगेटच्या मैदानावर आगाखान आणि बॉम्बे गोल्ड कपला हे संघ एकमेकांशी भिडायचे आणि चाकरमानी ऑफिस सुटल्यावर बघायला यायचे. कंपनीनं पोराला घेतलं की घरात पगार येई आणि त्याच्या अंगावर चांगल्या संघाचा शर्ट येई, दोन्ही एकदम. आता इंडियन एअरलाइन्स नाही, एअर इंडिया २०२२ मध्ये सरकारकडून टाटांकडं गेली, आणि खेळाडूंना नोकरी द्यायला कंपन्यांची पहिल्यासारखी रांग नाही. तात्या ज्या दाराबद्दल बोलतायत ते दार अजून आहे. पण पूर्वी अशी दहा होती.

"धनराज पण मुंबईलाच गेला ना?" तात्या अण्णांना डिवचतात. त्यांना माहीत आहे, खडकीच्या या हॉकीपटूचं नाव काढलं की अण्णा शांत बसणार नाहीत.

"धनराजचं मला सांगू नका. मी समोर राहतो." अण्णांचा आवाज चढतो. "बाप ऑर्डनन्स फॅक्टरीत ग्राउंड्समन. तुटलेल्या स्टिका, कॉलनीतली माती. मोठा भाऊ रमेश मुंबईला आरसीएफकडं खेळत होता, म्हणून हा गेला. नोकरी बघून नाही गेला, भाऊ आणि मैदान बघून गेला. मग महिंद्रानं घेतला. ८९ ला भारताकडून खेळला. आधी खेळ, मग बाकीचं."

"आणि अठ्ठ्याण्णवला? बँकॉकला एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, कॅप्टन होता, आणि परत आल्यावर टीमच्या बाहेर! त्याला असं करतात, तर हे पोरगं कोण?"

"पण चार ऑलिंपिक खेळला तो! चार! बार्सिलोनापासून अथेन्सपर्यंत."

दोघंही खरं बोलतायत, आणि दोघांनीही एकाच माणसाच्या आयुष्यातून आपापला पुरावा उचललाय. मला मात्र त्या गोष्टीतलं एक वेगळंच दिसतं. १९८५ च्या आसपास खडकीतून निघालेल्या पोराला फक्त मुंबईपर्यंत जायचं होतं. डेक्कन क्वीननं साडेतीन तास. तिथं भाषा ओळखीची, भाऊ घरात, मैदान स्टेशनच्या दारात. आज त्याच खडकीतल्या पोराला तेवढ्याच तोलाचं हॉकी पाहिजे असेल तर भुवनेश्वर, राउरकेला, जालंधर, भोपाळ. महाराष्ट्राचा शेवटचा पुरुष हॉकीपटू ऑलिंपिकला गेला तो २०१६ मध्ये, रिओला, मुंबईचा देविंदर वाल्मिकी. टोकियोत भारतानं ४१ वर्षांनी पदक आणलं, पॅरिसला पुन्हा ब्राँझ मिळालं, दोन्ही वेळा मीही नाचलो, पण दोन्ही संघांत आपला एकही पोरगा नव्हता. धनराजच्या राज्यात हे व्हावं याचा मला राग येतो. पायऱ्यांवर बसलेल्या या लोकांनाही येतो, फक्त ते तो राग एकमेकांवर काढतात.

मध्यंतराची शिट्टी. पोरं जाळीपाशी पाणी प्यायला येतात. आठ नंबरच्या कपाळावरून घाम ओघळतोय, शिनगार्डच्या वर चिखलाचा नाही, टर्फवर घसरल्याचा लाल ओरखडा. तात्या जाळीला नाक लावतात. "अरे, त्या फुलबॅकच्या अंगावर जा! भितोस काय!"

"भीत नाही काका," तो हसतो. मग अण्णांकडं वळून घाईनं सांगतो, "अण्णा, त्यांचा पाच नंबर थकलाय. डावीकडं उशिरा वळतो. आता मी बॉल उजवीकडं दाखवून डावीकडनं काढतो."

अण्णा फक्त मान हलवतात. पण त्यांनी माझ्याकडं असं बघितलंय की मला सगळं कळतं.

"काय रे, तुला काय वाटतं?" ताई मध्येच विचारतात. "जायचं का?"

पोरगा बापाकडं बघतो, मग बाटलीच्या झाकणाकडं. "ताई, तिकडं रोज टर्फ आहे. सकाळ-संध्याकाळ. इथं आठवड्यातनं दोनदा-तीनदा खेळायला मिळतं, बाकीचे दिवस मातीवर. मातीवर बॉल उडतो. मग टर्फवर आलं की पहिली दहा मिनिटं हात सैल करण्यात जातात." एवढं बोलून तो पळतो. कोच हाक मारतोय.

इतका वेळ आम्ही धनराज, हरमनप्रीत, पेन्शन, लिलाव असं बोलत होतो. पोरगा पहिल्या दहा मिनिटांबद्दल बोलून गेला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम मैदानावर गेला आणि तेव्हापासून मातीवर वाढलेल्या प्रत्येक भारतीय पोराला ही दहा मिनिटं भरून काढावी लागली आहेत. ओल्या टर्फवर बॉल सरळ येतो आणि वेगानं येतो. मनगट तेवढ्याच वेगानं मऊ पडायला लागतं. ती सवय रोजच्या खेळानंच लागते, आणि लागायची ती याच दोन-तीन वर्षांत. इटारसीचा विवेक सागर प्रसाद सतराव्या वर्षी भारताकडून खेळला. तो मध्य प्रदेशच्या अकादमीत तयार झाला. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोक कुमार यांनी त्याला हेरलं होतं. त्या वयात राज्यानं त्याच्यासाठी टर्फ आणि शिक्षक दोन्ही तयार ठेवले होते. पुढं त्याच्याकडं दोन ऑलिंपिक ब्राँझ आली, आणि राज्य पोलिसांत डीएसपीचं पदही मिळालं. तात्यांना मी हे सांगतो.

"एक विवेक सागर," ते म्हणतात. "बाकीचे?"

"तात्या," आता ताई पूर्ण वळून बसतात, "तुमच्या रेल्वेच्या भरतीत वयाची अट काय आहे?"

"अठरा ते पंचवीस."

"पोरगा किती वर्षांचा?"

तात्या उत्तर देत नाहीत.

"म्हणजे आज रेल्वे त्याला घेऊच शकत नाही. ती वाट बंद नाही होत, उलट तिकडनं चांगला खेळून आला तर एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी रेल्वेच मागं लागेल. शिवाय आपल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आहेतच. तुम्ही आजच्या आज निवडायला सांगताय ते दोन वर्षांनी निवडायचंय." ताईंच्या आवाजात शिक्षिकेचा सूर आहे. "साताऱ्याच्या पोरींकडं बघा. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे. दोघी फलटण तालुक्यातल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या. शाळेच्या वयात घर सोडून क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला आल्या. दोघी भारताकडून खेळल्या. वैष्णवीनं हांगझोच्या एशियन गेम्सचं ब्राँझ आणलं. त्यांच्या आईबापांनी बारा-तेरा वर्षांच्या पोरी पाठवल्या, आणि आपण सतरा वर्षांच्या पोराला पाठवायला भितोय!"

"पुण्याला पाठवणं वेगळं, ओडिशाला वेगळं," मागून एक जण म्हणतो.

"बरोबर आहे. वेगळं आहे," ताई मान्य करतात.

उत्तरार्ध सुरू झालाय. आठ नंबर बोलल्याप्रमाणे करतो. बॉल उजवीकडं दाखवतो, पाच नंबरचा तोल त्या बाजूला जातो, आणि हा डावीकडून निघून डीत. पास चांगला आहे, या वेळी फॉरवर्डनंही गोल मारलाय. आता दोन-शून्य. अण्णा उभे राहून दोन्ही हात वर करतात आणि तमिळमध्ये काहीतरी ओरडतात. मागची पोरंही मान्य करतात की हा हाफला काही अगदी सडत नाहीये. "दोन्ही कर म्हणावं," त्यांच्यातला एक म्हणतो. "हाफला खेळ आणि फ्लिकपण मार." सगळ्यांना पटणारं आज सकाळपासूनचं हे पहिलंच वाक्य, आणि तेच बरोबर आहे असं मलाही वाटतं. फक्त ड्रॅग-फ्लिकर म्हणून अकादमीत गेलेल्या पोराला कॉर्नरच्या मशीनला जुंपतात. त्याचं खांद्यावरून बघणं कुणी बघणार नाही, आणि एके दिवशी त्याच्याहून जोरात फ्लिक मारणारा आला की याचं काम संपलं. जायचं तर हाफ म्हणून जावं आणि फ्लिक बरोबर न्यावी.

"जुगराज आठवतो?" तात्या हळू आवाजात विचारतात. आता ते वाद घालत नाहीयेत. "२००१ ची ज्युनियर वर्ल्ड कपवाली टीम. काय फ्लिक होती पोराची! २००३ ला गाडीचा अपघात झाला, वीस वर्षांचा होता. खेळ संपला." थोडा वेळ ते बॉलकडं बघतात. "मी नोकरी नोकरी करतो ते त्याच्यामुळं. टॅलेंट कमी आहे म्हणून नाही करत."

अण्णा त्यांच्या पाठीवर हात ठेवतात. "माहीत आहे रे."

तेवढ्यात कडेला बसलेला बाप उठून आमच्याकडं येतो. पिशवी छातीशी. कंत्राटी कामावर आहे, रात्रपाळी करून थेट इकडं आलाय, डोळे तांबारलेत. तो उभाच राहतो.

"अण्णा, एक विचारायचं होतं."

"बस आधी."

तो बसतो. "तिकडं बारावीचं काय? परीक्षा मराठीतनं देता येती का? का हिंदीतनं द्यायची? त्याचं इंग्रजी कच्चं आहे."

आम्ही सगळे एकमेकांकडं बघतो. धनराजच्या ऑलिंपिकपासून लिलावाच्या बेस प्राइसपर्यंत सगळं तोंडपाठ असलेल्या पायऱ्या, आणि हे कुणालाच माहीत नाही.

"सतरा नंबरचा फॉर्म भरता येईल," ताई विचार करत म्हणतात. "आपल्याच बोर्डाचा, बाहेरून बसायचं. पण परीक्षेला फेब्रुवारीत इथं यावं लागेल, आणि तेव्हा तिकडं कॅम्प असला तर? मुक्त विद्यालयाचा पर्यायपण आहे. त्याचे नियम बघावे लागतील."

"त्याची आई म्हणती, बारावी झाल्याशिवाय नाही पाठवायचं," बाप सांगतो. "बारावी झाली की पाठवू म्हणती. पण तोवर ते थांबतील का?"

"नाही थांबणार," अण्णा म्हणतात. त्यांना खोटं बोलून धीर देता येत नाही. "त्यांच्याकडं राउरकेलाची, सुंदरगडची पोरं रांगेत उभी आहेत. आठव्या वर्षापासून खेळणारी."

"मग अभ्यास तिकडं कसा करतात ते कळलं पाहिजे. तिला सांगायला काहीतरी पाहिजे माझ्याकडं."

मला या माणसाबद्दल आदर वाटतो. पोराला पाठवायचं त्याच्या मनात आहे, हे त्याच्या बोलण्यातून स्पष्ट कळतंय. त्याला घरी नेण्यासारखं उत्तर पाहिजे, आणि आपल्या हॉकीत हे उत्तर देणारा माणूस कुठंच नेमलेला नाही. चाचणी घेणारे निघून जातात, पत्र येतं, तारीख येते. मधलं सगळं बापानं पायरीवर बसलेल्या लोकांना विचारायचं.

अण्णा खिशातून फोन काढतात. जुना, बटणांचा. "खडकीचा एक आहे, माझ्या हाताखाली खेळलेला. आता तिकडं पोरांना शिकवतो. थांब." ते नंबर शोधतायत, फोन लांब धरतायत.

"अण्णा, स्पीकरवर टाका."

"याला स्पीकर नाही."

"मग मी सांगतो ते विचारा," मागचा पोरगा पुढं येतो. "हाफ म्हणून घेणार का फ्लिकर म्हणून, हे आधी विचारा."

"फिजिओ रोज असतो की आठवड्यातनं एकदा, ते विचारा," ताई.

"जेवणात भात किती आणि पोळी किती," तात्या. "हसू नका. मी कॅम्प केलेत."

फोन लागतो. अण्णांचा आवाज मैदानापलीकडं जाईल इतका मोठा होतो. "हां, नमस्कार! अरे, मी खडकीतनं… हो हो, तब्येत ठीक. ऐक, एक पोरगं आहे आपलं. नाही, फॉरवर्ड नाही, हाफ. हाफ रे! बघतो कसा, ते तू बघच एकदा… नाही, ते नंतर. आधी सांग, तिकडं बारावीचं काय करतात?"

बाप अण्णांच्या बाहीला हात लावतो. "आणि गुडघा गेला तर दवाखाना कुणाचा, तेपण विचारा, अण्णा."